आईच्या उरलेल्या गोळ्या

दुकानात तिला सगळे काजताई म्हणत. काजं आणि बटणं, एवढंच काम ती एकतीस वर्षं करत आली होती. कापड मास्तर कापायचा, मशीनवाले शिलाई मारायचे, आणि सगळ्यात शेवटी कपडा खिडकीजवळच्या तिच्या टेबलावर यायचा. ती काजाची कड दोऱ्याने बांधून घ्यायची, बटण लावायची, दोरा दाताने तोडायची. दाताने तोडण्यावरून मास्तर एकतीस वर्षं बोलत होता. कात्री काय देवाने दाखवायला दिलीय का, असं म्हणायचा.

कात्री ती वापरायची, पण दुसऱ्या कामाला. नवी बटणं पुठ्ठ्यावर टाचून येत. ती पुठ्ठ्याचे चौकोन कापायची, एका चौकोनाला एक बटण, आणि पत्र्याच्या चपट्या डब्यांमधल्या खणांत आकाराप्रमाणे टाकून ठेवायची. पुठ्ठ्यावरचं कंपनीचं नाव त्यात कापलं जाई. त्याचं तिला काही नव्हतं. बटण बोटाला कळतं, नाव कशाला हवं.

दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तिच्या उशाशी औषधांची पिशवी उरली होती. टाकवत नव्हती. तेराव्या-चौदाव्या दिवशी ती पिशवी घेऊन बसली आणि हाताच्या सवयीने सगळ्या पट्ट्या कापून काढल्या. एका चौकोनात एक गोळी. बारीक गोल गोळ्या एका खणात, गुलाबी एका खणात, आणि चंदेरी कागदातल्या जाड, लांबट गोळ्या एका खणात. चौदा होत्या त्या. डब्याचं झाकण लावलं तेव्हा तिला बरं वाटलं. आईचं काहीतरी जागच्या जागी ठेवलं, असं.

यंदा थंडीत तिचा घसा धरला, कपाळ ठणकायला लागलं, ताप आला. लांबट गोळ्या तिला आठवल्या. आईला खोकल्यावर डॉक्टरांनी त्याच दिल्या होत्या आणि आई पाच दिवसांत उठून बसली होती. तिने डबा उघडला. सकाळी एक, संध्याकाळी एक, पाच दिवस. ताप उतरला. सहाव्या दिवशी ती कामावर गेली आणि गोळ्यांचं विसरूनही गेली.

तीन आठवडे काही झालं नाही.

मग तळहात खाजायला लागले. आधी वाटलं, नव्या लोकरीच्या कापडाचा त्रास असेल. मग तळपाय. ही खाज कातडीवर नव्हती. वरून कितीही खाजवलं तरी ती खालीच कुठेतरी राहायची, बंद दाराआड कोणी चालत असावं तशी. सुई बोटांत धरवेना. एका काजाला दहा मिनिटं लागायची, तिथे पाऊण तास जाऊ लागला. मास्तर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, बटण लावतेयस की बटणाशी कुस्ती खेळतेयस? ती हसली नाही. त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, तिचं टेबल धरून खिडकीच्या आणखी जवळ ओढलं आणि पुन्हा बघितलं.

"काजताई, डोळे बघ आरशात," तो म्हणाला. या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

कपडे घालून बघायच्या खोलीत मोठा आरसा होता. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झाला होता. जुन्या कागदाचा पिवळा. लघवी आठवडाभर कडक चहासारखी होत होती आणि शौचाचा रंग उडून ते ओल्या चिकणमातीसारखं झालं होतं. हे तिला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि आरशात बघणं यांत एक जिना असतो. तो ती त्या दुपारी उतरली. कारण हे डोळे तिने आधी पाहिले होते. उशीवर. आईच्या चेहऱ्यात.

घरी आली, खुर्चीत बसली. जरा वेळाने तिला खाजवण्याचा आवाज आला. कोरडा, एका लयीतला, आईच्या खोलीतून यायचा तसा. ती ताठ बसून ऐकत राहिली. "आई, पुरे कर," असं तिच्या तोंडून निघालंसुद्धा. मग खाली पाहिलं. आवाज तिच्याच नखांचा होता. पोटरीवर रक्ताची रेघ उमटली होती.

धाकट्या भावाने तिला दुसऱ्या दिवशी मोठ्या इस्पितळात नेलं. हा भाऊ लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करायचा. सत्तेचाळीस वर्षांचा होता, डोक्यावरचे केस गेले होते, तरी ती त्याला बाळ्या म्हणायची. इस्पितळाची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर धक्का देऊन थांबली तेव्हा तो पुटपुटला की यांच्या दोराला तेल दिलेलं नाही. रक्त घेतलं. पोटावर थंडगार चिकट काहीतरी लावून सोनोग्राफी केली. खडा नव्हता, गाठ नव्हती. विषाणूंच्या काविळीच्या तपासण्याही निर्दोष आल्या. लिव्हरच्या डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या. हळू बोलत, आणि बोलताना कागदाकडे न बघता माणसाकडे बघत. त्यांनी विचारलं, गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठलं औषध घेतलंत?

ती म्हणाली, घशासाठी गोळ्या. कुठल्या? लांबट.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. लांबट हे काही औषधाचं नाव नव्हे, असं त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं.

बाळ्या घरी जाऊन बटणांचा डबा घेऊन आला. इस्पितळातल्या औषधांच्या खिडकीमागच्या माणसाने तो उघडला, आतले खण पाहिले आणि विचारलं, हे दुकान कोणाचं? खणात चार लांबट गोळ्या उरल्या होत्या. प्रत्येक चौकोनाच्या पाठीवर नावाचा एक तुकडा होता. कुठे तीन अक्षरं, कुठे अर्धी. त्याने ते चार चौकोन काउंटरवर मांडले, फिरवले, सरकवले, आणि शेवटी एका ओळीत लावले. नाव वाचता आलं. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. रोज हजारो माणसं घेतात, तो म्हणाला. काही होत नाही कोणाला.

डॉक्टरबाईही तेच म्हणाल्या. चांगलं औषध आहे. पण हजारोंत एखाद्याचं शरीर त्याच्यावर उठतं, आणि उठतं तेही गोळ्या संपल्यावर, कधी दोन आठवड्यांनी, कधी सहा.

"पण गोळी तर केव्हाच गेली अंगातून," ती म्हणाली.

"गोळी गेली. तिच्यामागे लागलेले तुमच्याच शरीराचे शिपाई अजून परतलेले नाहीत."

मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. लिव्हरच्या आत बारीक नळ्यांचं जाळं असतं, झाडाच्या फांद्यांसारखं. लिव्हर पित्त तयार करतं आणि त्या नळ्यांतून ते आतड्याकडे जातं. नळ्यांना आतून पेशींचं अस्तर असतं. मार त्या अस्तराला लागला होता. वाट अडली, पित्त मागे साचलं, रक्तात उतरलं. म्हणून पिवळेपणा. खाजही त्यामुळेच.

अस्तर हा शब्द तिला कळला. बाकीचं नंतर कळलं तरी चालणार होतं.

पुन्हा येतं का ते अस्तर, तिने विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या की बहुतेकांचं येतं. लिव्हरला स्वतःला भरून काढायची खोड असते. नळ्यांच्या टोकांशी नव्या पेशी फुटतात, वाट पुन्हा बांधतात. आपण करायचं ते इतकंच की ते औषध पुन्हा कधीही घ्यायचं नाही, आणि थांबायचं. काही थोड्यांच्या बाबतीत मात्र नळ्याच नाहीशा होतात. मग गोष्ट लांबते, कधी लिव्हर बदलण्यापर्यंत जाते. तुमचं कोणत्या बाजूला जाईल ते तीन महिन्यांत दिसेल.

त्या फाइल ओढून लिहू लागल्या. लिहिता लिहिता, वर न बघता, त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला. सगळ्यांना विचारतात तसाच.

"घरात कोणाला असं झालं होतं का? या गोळीने, किंवा कावीळ, अशी खाज? कधी कधी हे रक्ताच्या नात्यात असतं."

बाळ्या तेव्हा बाहेर औषधं आणायला गेला होता.

"नाही," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी "नाही" लिहिलं.

पुढचे आठवडे ती घरी होती. एक पावडर पाण्यात कालवून प्यायची असे. वाळू प्यायल्यासारखं लागे. खाज थोडी कमी व्हायची, दुपारी परत यायची. ती आईच्या खोलीत बसायची, कारण तिथे गारवा होता, आणि तिथे बसून ती दोन वर्षांपूर्वीचा हिशेब पुन्हा लावायची. खोकल्याला डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. आई बरी झाली. दहा दिवसांनी पुन्हा ढास लागली. त्या वेळी डॉक्टरांना तिने विचारलंच नव्हतं. जुनी चिठ्ठी दाखवून स्वतःच दुसऱ्यांदा गोळ्या आणल्या होत्या. आई म्हणाली होती, नको गं आता, तोंड कडू होतं. तिने जीभ बाहेर काढायला लावून गोळी ठेवली होती. त्यानंतर आई गळत गेली तेव्हा अशक्तपणा म्हणून तिसऱ्यांदा आणल्या. त्या मात्र आईने तोंड घट्ट मिटून घेतल्याने राहिल्या. चौदा.

आई पिवळी झाली ती त्याच सुमाराला. खाजवायला लागली. अंगात कोणीतरी चालतंय गं, असं म्हणायची. ती वैतागायची. वय झालं की माणसं काहीबाही बोलतात, असं तिला वाटायचं. चादरीवर रक्ताचे ठिपके पडायला लागले तेव्हा तिने मऊ सुती कापडाच्या दोन पिशव्या शिवल्या, बोटं नसलेल्या, मनगटाशी बटण असलेल्या, आणि आईच्या हातांवर चढवल्या. बटण असं लावलं होतं की आईला दातांनीही निघू नये. आपल्या कामाचा तिला तेव्हा अभिमान वाटला होता.

आता ते काय होतं हे तिला माहीत झालं होतं. अंगात चालणारा तो कोणीतरी आता तिच्या अंगात होता. अशा वेळी हातांवर पिशव्या चढवल्या तर काय होईल, हे तिला तासातासाला कळत होतं.

बाळ्या त्या वेळी म्हणाला होता, ताई, इस्पितळात नेऊ या. तिनेच नको म्हटलं. एक्याऐंशी वर्षांच्या बाईला सुया कशाला टोचायच्या, शांत जाऊ दे. घरी येणारे डॉक्टरही म्हणाले, लिव्हर थकलंय. बाळ्याने ऐकलं. तो तिचं नेहमीच ऐकायचा. पिवळी झाल्यापासून सातव्या आठवड्यात आई गेली. त्यानंतर बहीणभाऊ याबद्दल कधी बोलले नाहीत.

सुई घालून लिव्हरचा कणभर तुकडा काढून तपासला गेला. नळ्या बहुतेक जागेवर होत्या. अस्तर ठिकठिकाणी उसवलं होतं, पण कडांशी नव्या पेशी दिसत होत्या. मग रक्ताचे आकडे उतरू लागले. आधी अगदी थोडे, जणू मनात नसताना, मग दर आठवड्याला स्पष्ट. लघवीचा रंग निवळला. नवव्या आठवड्यात एका सकाळी ती उठली आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटून अंथरुणातच बसून राहिली. तळहात पाहिले, तळपाय चाचपले. खाज नव्हती. घरात राहणारं माणूस न सांगता निघून गेलं की खोल्या जशा वाटतात, तसं तिला स्वतःचं अंग वाटलं. आनंद झाला नाही. आपल्याला सोडून दिलं, एवढंच वाटलं. आईला सोडलं नव्हतं.

त्या आठवड्यात ती कामावर परतली. मास्तरने टेबल खिडकीशी तसंच ठेवलं होतं आणि वर चाळीस कोटांचा ढीग रचला होता. बटणांना तुझी आठवण येत होती, तो म्हणाला. तिने पहिल्या कोटाचा दोरा दाताने तोडला. मास्तर काही बोलला नाही. त्याचं न बोलणं तिला फार लागलं.

रविवारी ती बाळ्याकडे जेवायला गेली. तो सुजलेला गाल हातात धरून बसला होता. भावजय म्हणाली, दाढ किडलीय. चार महिने सांगतेय दाखवा, पण हे लोकांच्या लिफ्टमध्ये लटकतील, दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसायची भीती. आता उद्या काढायचीय. सूज उतरायला गोळ्या दिल्यात.

गोळ्यांची पट्टी पाण्याच्या तांब्याशेजारी होती. चंदेरी, जाड. तिने हात लावून पाहिला. नाव वाचायची गरज नव्हती, तरी वाचलं. नाव अख्खं होतं. कापलेलं नव्हतं. एक खण फुटलेला होता.

"किती घेतल्यास?"

"एक, सकाळी. का?"

पट्टी उचलून पिशवीत टाकता आली असती. माझ्या फाइलवर लिहिलंय की मला चालत नाही, तेव्हा तूही नको घेऊस, एवढं म्हटलं असतं तरी तो थांबला असता. तो तिचं नेहमीच ऐकायचा. ती खुर्चीवर बसली.

"बाळ्या, आईलाही हेच झालं होतं."

तो आधी समजलाच नाही. मग तिने सगळं सांगितलं. जुनी चिठ्ठी, दुसऱ्यांदा आणलेल्या गोळ्या, जिभेवर ठेवलेली गोळी, तिसऱ्यांदा आणलेल्या, हातांच्या पिशव्या. डॉक्टरांच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर. ती थांबत थांबत बोलत होती. भावजय उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथे भांडं न वाजवता उभी राहिली.

"घरचे डॉक्टर म्हणाले होते ना, वय झालंय," तो शेवटी म्हणाला.

"त्यांना दुसऱ्यांदा आणलेल्या गोळ्यांचं माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं."

"आणि मी नेऊ या म्हणत होतो."

"हो."

सुजलेल्या गालामुळे त्याचा चेहरा एका बाजूने लहानपणीसारखा दिसत होता. त्याने पट्टी हातात घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. मग विचारलं, तिला कळलं होतं का?

"नाही. तिला वाटायचं मी तिला बरं करतेय."

तो उठला. फोन घेऊन गॅलरीत गेला आणि दातांच्या डॉक्टरला दुसरं औषध मागितलं. बहिणीला याची रिअ‍ॅक्शन आलीय, तो सांगत होता. मग म्हणाला, आईलाही. आत आला, आपल्या मुलींच्या शाळेच्या कार्डावर लिहायला गोळीचं नाव नीट हवं म्हणाला आणि तिच्यासमोर कागद ठेवला. तिने अक्षर अक्षर करून लिहिलं. त्याने कागद घडी करून खिशात टाकला.

"तू आता जा, ताई," तो म्हणाला. "गुरुवारी ये."

जेवण राहिलं. भावजयीने दारापर्यंत येऊन तिच्या दंडाला नुसता हात लावला.

बुधवारी तिची इस्पितळात तपासणी होती. आकडे जवळजवळ सगळे मर्यादेत आले होते. डॉक्टरबाई खूश होत्या. लिव्हर कामाचं आहे तुमचं, म्हणाल्या. तिने त्यांना फाइलचं पहिलं पान उघडायला सांगितलं. तिथे "नाही" लिहिलंय, ते खोडा. आईला झालं होतं.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. कोणत्या तपासण्या झाल्या होत्या, विचारलं. एकही नाही. सोनोग्राफी? नाही. त्या वयात पित्ताचा खडा असू शकतो, त्या म्हणाल्या, गाठ असू शकते, हृदय थकल्यानेही लिव्हर बिघडतं. गोळी असू शकते. पण आता ते कळायला मार्ग नाही. त्यांनी "नाही" खोडून "आई — शक्यता" असं लिहिलं.

"नक्की लिहा," ती म्हणाली.

"नक्की नाहीये ते."

"मला माहीत आहे."

"तुम्हाला माहीत असेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण मला लिहिता यायचं नाही."

घरी येताना शक्यता हा एक शब्द तिच्याबरोबर चालत होता. खडा असेल. गाठ असेल. एक दार तिच्यासाठी किलकिलं केलं गेलं होतं. त्यातून बाहेर पडून मोकळं होता आलं असतं, पण त्या दारातून आईच्या खोलीतला आवाज येणं कधीच पूर्ण थांबलं नसतं. बाळ्याला हे सांगायचं की नाही, याचा ती गुरुवारी संध्याकाळी त्याच्या जिन्यावर, प्रत्येक मजल्यावर थांबून, विचार करत होती. सांगितलं तर त्याला हलकं वाटेल. पण त्याचं नाव पुढे करून हलकी होणार होती ती स्वतः.

दार त्यानेच उघडलं. गाल उतरला होता. तो दार अडवून उभा राहिला.

"काय म्हणाल्या डॉक्टर?"

"मी बरी झालेय म्हणाल्या."

त्याने दाराची कड सोडली नाही.

"आईचं खडा असेल, गाठ असेल, गोळी असेल, म्हणाल्या. कळायला मार्ग नाही. मला विचारशील तर गोळीच होती."

त्याने बराच वेळ तिच्या डोळ्यांत पाहिलं. पिवळेपणा शोधत असावा. मग तो दारातून बाजूला झाला.